म्हातारी म्हणून काढलं, ते कुठे लिहायचं?

मुसलमान घरात वाढलेल्या माणसाला भेदभाव म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. भाड्याचं घर बघायला गेल्यावर नाव सांगताच ‘मालक गावाला गेलेत’ हे ऐकलेलं असतं. मुलाखतीत अर्जावरचं नाव वाचून समोरच्याचा चेहरा बदललेला पाहिलेला असतो. त्याविषयी आपण बोलतो, लिहितो, आणि तसंच करायला हवं. आज मला ज्या भेदभावाबद्दल लिहायचंय तो मात्र आपल्याच मोहल्ल्यात, आपल्याच संस्थांमध्ये होतो, आणि त्याला आपण भेदभाव म्हणत नाही. पन्नाशीच्या शिक्षिकेला ‘आपा, अब आराम करो’ म्हणून घरी पाठवतात. ऐकायला किती मायेचं वाटतं!

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे शब्दांकडे आधी लक्ष जातं. मराठीत जातिभेद, धर्मभेद, लिंगभेद हे शब्द शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहेत. ‘वयभेद’ म्हटलं की मुलं हसतात, मोठ्या भावाला खाऊ जास्त मिळाला असं काहीतरी त्यांना वाटतं. उर्दूत ‘इम्तियाज़’ म्हणजे भेदभाव, आणि परीक्षेत मिळालेलं विशेष प्रावीण्यही इम्तियाज़च. वयाच्या बाबतीत दोन्ही भाषा गप्प आहेत.

संविधानही या बाबतीत फार बोलत नाही. अनुच्छेद १५ मध्ये यादी आहे: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. सरकारी नोकरीसाठी अनुच्छेद १६ मध्ये कूळ आणि निवास यांची भर पडते. वय दोन्हीकडे नाही. अनुच्छेद १४ ची समानता आहे, पण तिचा आधार सरकारविरुद्ध मिळतो, खाजगी संस्थेविरुद्ध सरळ मिळत नाही. कोर्टानंही वयाकडे पुष्कळदा सोयीचा नियम म्हणून पाहिलंय. एअर इंडियाविरुद्ध नर्गेश मिर्झा हा १९८१ चा खटला आठवा. हवाई सुंदरींना ३५ व्या वर्षी निवृत्त करत, आणि मुदत वाढवून दिलीच तर ४५ पर्यंत. त्याच विमानातले पुरुष कर्मचारी ५८ पर्यंत नोकरी करत. पहिल्या गरोदरपणाला नोकरी घालवणारी अट सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली, मुदतवाढ देण्या-न देण्याचा व्यवस्थापकीय संचालकाचा मनमानी अधिकारही रद्द केला. वयाची अट मात्र राहू दिली.

आता आपांची गोष्ट. त्यांचं नाव लिहीत नाही, संस्थेचंही नाही. आमच्या भागातल्या एका विनाअनुदानित शाळेत त्या २००३ पासून इतिहास आणि उर्दू शिकवत होत्या. २०२२ च्या मे महिन्यात त्यांना ऑफिसात बोलावलं. तेव्हा वय ५१. चहा दिला, बिस्किटं दिली. सदरसाहेब म्हणाले, कोरोनात ऑनलाइन क्लासला पालकांच्या तक्रारी होत्या, आता स्मार्ट बोर्ड येणार, मुलांना तरुण टीचर आवडतात. मग एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. राजीनामा होता. तारखेची जागा कोरी होती.

आपांनी सही केली नाही. ‘चश्मा घर पे है, पढ़ के देती हूँ’ म्हणाल्या आणि कागद पर्समध्ये घालून निघाल्या. चष्मा पर्समध्येच होता.

मोहल्ल्यातले अर्ज माझ्याकडे येतात. रेशन कार्ड, शिष्यवृत्ती, जन्मदाखल्यातली चूक, जे काही मराठीत लिहायचं असेल ते. त्यामुळे आपा संध्याकाळी माझ्याकडे आल्या यात विशेष काही नव्हतं. विशेष होतं ते त्यांचं बोलणं. दोन तास त्यांना एकच गोष्ट खुपत होती: ‘बच्चों को पसंद नहीं आती, ऐसा बोले.’ पगाराचा विषय त्यांनी काढला नाही, मीच काढला. त्यांना २०,८०० रुपये मिळत होते. नव्या मुलीला संस्था नऊ हजारांत ठेवणार होती. वय हे निमित्त होतं. एकोणीस वर्षांच्या वाढीनं शिक्षक महाग होतो आणि संस्थेला तो महागपणा केसांच्या रंगात दिसायला लागतो. त्याच आठवड्यात एका उर्दू दैनिकात संस्थेची जाहिरात आली. विषय इतिहास, उर्दू; उमेदवाराचं वय ३५ च्या आत. ती मी कापून ठेवली.

पहिला प्रश्न होता, जायचं कुठे? बऱ्याच जणांना वाटतं, लेबर कोर्टात. शिक्षकासाठी तो दरवाजा १९८८ मध्येच बंद झाला, आणि तोही आपल्या शेजारच्या गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात. ए. सुंदरंबल विरुद्ध गोवा, दमण आणि दीव सरकार या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला ‘कामगार’ नाही, कारण शिकवणं हे ध्येयकार्य आहे, उदात्त काम आहे. शिक्षकदिनाच्या भाषणात हे छान वाटतं. कोर्टात त्याचा अर्थ असा झाला की गिरणीतल्या माणसाला काढताना जो हिशेब द्यावा लागे, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, शेवटी आलेला आधी जाणार, तो शिक्षिकेला लागू नाही.

सुदैवानं महाराष्ट्रात वेगळी वाट आहे आणि ती गोव्याच्या निकालाच्याही आधीची. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७. नाव लांबलचक आहे, पण हा कायदा प्रत्येक शिक्षकानं एकदा वाचावा. बी.एड.ला असताना आम्हाला तो दोन गुणांच्या टिपेपुरता होता. मान्यताप्राप्त खाजगी शाळा, मग ती अनुदानित असो की विनाअनुदानित, त्यात येते. कायम शिक्षकाला काढायचं तर आरोपपत्र द्यावं लागतं, चौकशी समिती नेमावी लागते. समितीत एक माणूस संस्थेचा, एक शिक्षकानं निवडलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षक असतो. निवृत्तीचं वय ५८. म्हणजे आपांची सात वर्षं शिल्लक होती.

आणि राजीनामा? त्यावर वेगळं कलमच आहे, सातवं. राजीनामा द्यायचा असेल तर कर्मचाऱ्यानं दोन प्रती तयार करायच्या, दोन्हींवर सही करून तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टानं संस्थेला पाठवायची आणि दुसरी स्वतःकडे ठेवायची. ऑफिसात चहाबरोबर पुढे केलेला, कोऱ्या तारखेचा कागद कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अगदी स्पष्ट होता म्हणायचा. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीही संस्था हेच करत असणार, नाहीतर असं कलम कशाला लागलं असतं?

सही झाली नाही म्हणून संस्थेनं दुसरा मार्ग धरला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मस्टरवर आपांचं नाव नव्हतं. लेखी काही नाही, फक्त शिपायानं गेटवर सांगितलं, ‘आपा, आपको मना किया है.’ हा शिपाई आपांचाच विद्यार्थी. बिचारा मान वर करत नव्हता. आपांनी त्याच दिवशी पत्र लिहिलं: मी आज कामावर हजर झाले, मला सही करू दिली नाही. ते पोचपावतीसह टपालानं संस्थेला गेलं, प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. पत्र्याच्या पेटीतून तिसऱ्या वर्षी मिळालेलं कायम नेमणुकीचं पत्र निघालं, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता निघाली, पीएफचं पासबुक निघालं. एकोणीस वर्षं जपलेल्या त्या पेटीचं मला फार कौतुक वाटलं. माझ्या ओळखीतल्या निम्म्या शिक्षकांकडे स्वतःची नेमणूक पत्रं नाहीत, ‘ऑफिसात आहेत’ म्हणतात.

शाळा न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवस मिळतात. उशिराचं पुरेसं कारण दाखवता आलं तर माफी मिळू शकते, पण त्यावर विसंबू नये. आदेश तोंडी असला तरी अपील चालतं, कारण कलम ९ मध्ये बडतर्फी आणि काढून टाकणं यांच्याबरोबर ‘अन्यथा सेवा समाप्त करणं’ हेही आहे. या तीस दिवसांत खरा त्रास सुरू झाला, आणि तो कायद्याचा नव्हता.

आधी आपांच्या दिरांना निरोप आला. मग जुम्याच्या नमाजनंतर कोणीतरी त्यांच्या शौहरांना बाजूला घेतलं. ‘आपल्याच संस्थेला कोर्टात खेचणार? बाहेरचे आधीच टपून बसलेत. क़ौमची बदनामी होईल.’ हे सांगणाऱ्यांत मजुराला त्याची मजुरी वेळेवर द्यावी यावर दर जलशात बयान करणारे एक गृहस्थही होते. मला विचाराल तर बदनामी त्या दिवशी झाली, ज्या दिवशी एकोणीस वर्षं आपल्या मुलींना शिकवणाऱ्या बाईला गेटवरून परत पाठवलं. अपील ही त्यानंतरची गोष्ट आहे. पण हे मी घरात बसून म्हणू शकते. त्याच मोहल्ल्यात मुलीचं लग्न ठरवायचं असतं तेव्हा माणूस दहा वेळा विचार करतो, आणि आपांनी तो केला.

दुसरी एक धमकी कायद्याच्या भाषेत आली. ‘आम्ही अल्पसंख्याक संस्था आहोत, अनुच्छेद ३० आहे, आमच्यावर हा कायदा चालत नाही.’ हे मी इतक्या शिक्षकांच्या तोंडून ऐकलंय की त्यावर जरा थांबते. १९७७ च्या कायद्यात अल्पसंख्याक शाळेला सूट आहे, पण ती मुख्याध्यापकाच्या आणि संस्थेनं शिक्षण संचालकांना नावं कळवलेल्या जास्तीत जास्त तिघांच्या भरतीपुरती. बाकी शिक्षकांना संरक्षण आहेच. अनुच्छेद ३० आपल्याला शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क देतो. माझ्या आजोबांच्या पिढीनं चंदा गोळा करून शाळा उभ्या केल्या त्या त्याच भरवशावर. शिक्षिकेला चौकशीशिवाय घरी बसवायचा परवाना त्यातून निघत नाही.

वकील मिळाल्या त्या तालुक्याच्या ठिकाणच्या, शाळांचीच प्रकरणं चालवणाऱ्या. त्यांनी आपांचं सगळं ऐकून घेतलं आणि मसुदा केला. पहिला मुद्दा: लेखी आदेश नाही. दुसरा: आरोपपत्र नाही. तिसरा: चौकशी नाही. चौथा: नोटीस नाही. आपांनी तो मला दोनदा वाचून दाखवायला सांगितला. मग वकीलबाईंना विचारलं, ‘मॅडम, मुझे तो बुड्ढी बोल के निकाला. वो कहाँ लिखा?’

वकीलबाई म्हणाल्या, ‘आपा, ते नवव्या परिच्छेदात घातलंय, जाहिरातीच्या कात्रणासोबत. पण त्यावर केस जिंकणार नाही. केस जिंकेल ती नोटीस दिली नाही यावर.’

आपा गप्प झाल्या. मला त्या क्षणी इंग्लंडमधली माझी मामेबहीण आठवली. कोकणातून लग्न होऊन गेली, तिथे वृद्धांच्या देखभाल केंद्रात काम करते. तिनं मला सांगितलं होतं की तिथल्या २०१० च्या समानता कायद्यात नऊ गोष्टींच्या आधारे भेदभाव करायला मनाई आहे आणि वय त्यातली एक. वयामुळे वेगळं वागवलं असं वरकरणी दिसलं की ‘तसं नाही’ हे दाखवायची जबाबदारी मालकावर येते. भेदभाव सिद्ध झाला तर बुडालेला पगार मिळतोच, शिवाय मन दुखावल्याबद्दल वेगळी भरपाई मिळते, आणि एकूण रकमेला वरची मर्यादा नाही. अमेरिकेत तर १९६७ पासून चाळिशीपुढच्या नोकरदारांसाठी स्वतंत्र कायदा आहे, जाणूनबुजून केलं असेल तर बुडालेल्या पगाराइतकीच रक्कम आणखी द्यावी लागते. मात्र मनाच्या त्रासाचे पैसे तो कायदा देत नाही. तिकडे सगळं आलबेल आहे असं बहीणही म्हणत नाही. केस करणाऱ्याला पुढच्या ठिकाणी कोण घेतं, हा प्रश्न तिथेही आहे. पण निदान तक्रारीच्या पहिल्या ओळीत ‘मला वयामुळे काढलं’ असं लिहिता येतं. आपल्याकडे दुःख एकीकडे आणि मुद्दा दुसरीकडे.

तरी आपल्या या जुन्या कायद्यात वय एका आडवाटेनं आलेलं आहे, आणि ते मला फार उशिरा, तिसऱ्यांदा वाचताना दिसलं. कलम ११ मध्ये न्यायाधिकरणाचे अधिकार दिलेत. शिक्षिकेला परत कामावर घ्यायला सांगता येतं, थकलेला पगार द्यायला लावता येतो. परत घ्यायचं नसेल तर भरपाई: दहा वर्षं किंवा जास्त सेवा असेल तर बारा महिन्यांचा पगार, कमी असेल तर सहा महिन्यांचा. आणि ही भरपाई ठरवताना काय पाहायचं? नोकरी गेल्याचं नुकसान, आणि पुढे योग्य नोकरी मिळण्याची किंवा न मिळण्याची शक्यता. एक्कावन्न वर्षांच्या बाईला कुठल्या शाळेत इतिहासाची जागा मिळणार, जेव्हा प्रत्येक जाहिरातीत ३५ लिहिलंय? वकीलबाईंनी जाहिरातीची आणखी चार कात्रणं मागितली ती यासाठीच. मर्यादा मात्र बारा महिन्यांचीच. आपांच्या हिशेबात २,४९,६०० रुपये. एकोणीस वर्षांना एक वर्ष. मला हे कमीच वाटतं.

म्हणून वकीलबाईंचा भर परत घेण्यावर आणि थकलेल्या पगारावर होता. दीपाली गुंडू सुरवसे या महाराष्ट्रातल्याच शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलंय की बेकायदा काढलेल्या माणसाला परत घेताना पूर्ण मागील वेतन देणं हाच सर्वसाधारण नियम. त्यासाठी शिक्षकानं मधल्या काळात कुठे पगारी काम केलं नाही हे अपिलातच सांगायचं. मग तो कमावत होता हे सिद्ध करणं संस्थेचं काम. आपा घरी सहा मुलींची शिकवणी घेत होत्या. ‘ते लपवू का?’ असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. महिन्याचे अठराशे रुपये अपिलात लिहून टाकले.

ग्रॅच्युइटीची कथा वेगळी. संस्थेच्या क्लार्कनं सांगितलं, ती कामगारांना असते, टीचरला नसते. तो अगदीच खोटं बोलत नव्हता, फक्त खूप मागे राहिला होता. २००४ मध्ये अहमदाबादच्या शिक्षकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तसंच म्हटलं होतं. पण २००९ मध्ये संसदेनं १९७२ चा कायदा दुरुस्त करून शिक्षकांना आत घेतलं, तेही ३ एप्रिल १९९७ पासून. खाजगी शाळा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हरल्या. आपांचं अपील दाखल होऊन तेव्हा महिना-दीड महिना झाला होता. हिशेब सोपा आहे: शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. २०,८०० ला २६ नं भागलं की ८००. पंधरा दिवसांचे १२,०००. एकोणीस वर्षांचे २,२८,०००. हे पैसे कोणाच्या मेहेरबानीचे नाहीत, पाच वर्षं सलग सेवा झाली की हक्काचे आहेत, काढलं तरी आणि स्वतःहून सोडलं तरी. नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय. पंधरा दिवसांचा हिशेब तसाच आहे, वेतन कशाला म्हणायचं ती व्याख्या बदललीय, तेवढं पाहून घ्यावं.

तारखा पडत गेल्या. आपा बसनं जायच्या, डबा घेऊन. कधी मी सोबत असायची, बहुतेक वेळा नसायची, कारण मलाही शाळा होती आणि कारण सांगून रजा काढणं माझ्या संस्थेलाही रुचलं नसतं. मी सेहेचाळीस वर्षांची आहे. आमच्याकडेही स्मार्ट बोर्ड आलाय.

२०२५ च्या सुरुवातीला संस्थेनं तडजोडीचा निरोप पाठवला. निकाल विरुद्ध जाईल आणि अडीच वर्षांचा पगार एकदम द्यावा लागेल, हे त्यांच्या वकिलानं सांगितलं असावं. ठरलं ते असं: पूर्ण ग्रॅच्युइटी आणि अठरा महिन्यांचा पगार, मिळून ६,०२,४०० रुपये. परत नोकरी नाही. मी आपांना म्हटलं, थांबा, निकाल लागू द्या, तो कागद उद्या दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. त्या म्हणाल्या, ‘तेरी बात सही है. मगर घुटने मेरे हैं, और बस का टिकट भी.’ त्यांच्या मुलीचं लग्न एप्रिलमध्ये होतं. मी पुढे काही बोलले नाही. मला अजूनही वाटतं की निकाल हवा होता.

एका गोष्टीवर मात्र त्या अडून बसल्या. तडजोडीच्या अटींत ‘राजीनामा’ हा शब्द नको, आणि अनुभवाच्या दाखल्यात शेवटच्या दिवसापर्यंत काम समाधानकारक होतं असं लिहून हवं. दाखल्याचा मराठी मसुदा माझ्याकडे आला. संस्थेनं लिहिलं होतं, ‘वयोमानानुसार सेवामुक्त करण्यात आले.’ आपांना मराठी वाचता येतं, हळू, पण येतं. त्यांनी पर्समधून चष्मा काढला, ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचली आणि मला पेन मागितलं. ‘वयोमानानुसार’वर त्यांनी आडवी रेघ मारली, शेजारी तारीख घातली आणि सही केली.